बार्बेक्यू? अहो, आपली आगटी आहे की!

टेबलावरच्या ग्रिलला सरावलेल्या पुणेकरांसाठी, घरापासून सुरू होणारी चार अस्सल आगींची सफर...

हिंजवडी असो, खराडी असो की मगरपट्टा, टीम लंचचा मेल फिरला की त्यावर येणारं पहिलं उत्तर ठरलेलं असतं... 'बार्बेक्यू!' बजेटात बसतं, व्हेज-नॉनव्हेज दोन्ही पंगतींची सोय होते आणि टेबलाच्या मधोमध निखारे असल्यामुळे अप्रेझलबद्दल बोलायची वेळ कुणावर येत नाही. शिगेला टोचलेला अननस, पनीर, कोळंबी, चिकन... आणि 'आता पुरे' म्हणायचं असेल तर टेबलावरचा छोटा झेंडा खाली करायचा. मुंबईत २००६ साली बार्बेक्यू नेशन सुरू झालं आणि टेबलावरच्या ग्रिलची कल्पना बघता बघता आपल्याकडे रुळली.

त्या झेंड्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या अननसाची तर मी फॅन आहे. पण गंमत बघा, पुण्यात जो अननस मिळतो तोच गुरगावात, तोच बंगळुरात. डोळे बांधून कुणी खायला घातलं, तर आपण कुठल्या शहरात बसलोय हे जिभेला काही सांगता येणार नाही. आणि बार्बेक्यू या प्रकरणाची मूळ मजा नेमकी उलटी आहे. ती असते गावागणिक बदलण्यात!

चार खुंटं आणि एक माच

'बार्बेक्यू' हा शब्द आला स्पॅनिश 'बार्बाकोआ'वरून आणि स्पॅनिश लोकांनी तो उचलला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून. खुंटं रोवायची, त्यावर काटक्यांचा माच बांधायचा, खाली आग आणि वर मांस किंवा मासे. ज्वाळेत करपवायचं नाही, धुरात आणि उबेत निवांत शिजू द्यायचं.

हा माच अमेरिकेत पोचला आणि प्रत्येक प्रांताने त्याला आपापलं वळण दिलं. उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर भाजतात आणि त्यावर व्हिनेगर आणि मिरचीचं पातळ मिश्रण घालतात. शेजारच्या दक्षिण कॅरोलिनात सॉसमध्ये मोहरी येते. मेम्फिसला बरगड्यांना कोरडा मसाला चोळतात. कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटोचा, काकवी घातलेला, दाट आणि गोड. टेक्सासात एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक खाटीक येऊन राहिले, ते मांस धुरावून ठेवायची आपली पद्धत घेऊनच. तिथे आज ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, दहा-बारा तास मंद धुरात ठेवतात. एवढा वेळ कशासाठी? तर तो भाग चिवट असतो. त्यातले चिवट धागे मंद आचेवर हळूहळू विरघळतात आणि मांस लोण्यासारखं होतं. घाई केली की चप्पल!

हे सगळे फरक कुणी मीटिंग घेऊन ठरवले नाहीत. ज्या प्रांतात जे जनावर मुबलक, ज्या रानात जे लाकूड, त्यावर चव ठरली. मेम्फिसकडे हिकरी, मध्य टेक्सासात ओक, पश्चिम टेक्सासच्या कोरड्या माळावर मेस्कीटची झुडपं. आधी जळण, मग ताट.

आता कुणी म्हणेल, हे झालं अमेरिकेचं, आपलं काय? तर बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय ल्यावं, काय खेळावं याच्या जोडीने काय खावं याचाही त्यात सविस्तर पाठ आहे, आणि त्या पाठात शिगेला लावून निखाऱ्यावर भाजलेलं मांसही आहे. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या जवळचं. थोडक्यात, निखारे आपल्याला नवे नाहीत. नवं आहे ते त्यांना टेबलात बसवणं.

म्हणून मी ठरवलं, आपल्याकडच्या आगी अमेरिकन नियमानेच शोधायच्या. आधी जळण बघायचं, मग ताट. अशा चार आगी मला सापडल्या. पहिलीला रिक्षा पुरते, बाकीच्यांना गाडी लागते.

आग पहिली : कोळसा

रमजानच्या महिन्यात संध्याकाळी कॅम्पातला बाबाजान चौक, कोंढव्याचं कौसरबाग किंवा गंज पेठेतलं मोमीनपुरा गाठा. गाडी लांबच लावा, कारण आत गाडी तर सोडाच, छत्रीसुद्धा उघडता येणार नाही एवढी गर्दी! रोजा सुटल्यानंतर या गल्ल्या खऱ्या अर्थाने जाग्या होतात. लांबट लोखंडी शेगड्या, त्यात लाल झालेला कोळसा, त्यावर ओळीने शिगा आणि एका हाताने पंखा हलवणारा कारागीर.

सीख कबाब दिसतो सोपा, पण आहे अवघड. खिम्यात मीठ घालून तो कणकेसारखा मळावा लागतो, तेव्हा कुठे त्याला चिकटपणा येतो. कांदा पिळून घ्यायचा, नाहीतर पाणी सुटून कबाब शिगेवरून थेट निखाऱ्यात. मग ओल्या हाताने खिमा शिगेभोवती दाबायचा आणि बोटांनी त्यावर खळगे पाडत जायचं. चरबी वितळून थेंब कोळशावर पडतो, चर्र होतं, धूर उठतो आणि तोच धूर परत कबाबाला लागतो. अर्धा मसाला हा असा खालून येतो.

कोळसा ही शहराची आग. ज्वाळा नाही, धूर कमी, जागा थोडी लागते, पोत्यात भरून कुठेही नेता येतो. गल्लीत, फुटपाथवर, चार फुटांत संसार मांडता येतो, म्हणूनच शहराने त्याला जवळ केलं. खडकवासल्याला पावसात भिजत आपण जे लिंबू-तिखट लावलेलं कणीस खातो, तेही याच आगीचं धाकटं भावंडं.

आग दुसरी : पेंढा आणि झावळ्या

आता घाट उतरू. एक्स्प्रेसवेने खोपोली, तिथून पेण. जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातल्या कुठल्याही मित्राला 'पोपटी' एवढा एकच शब्द मेसेज करा. आमंत्रण आलं नाही तर मैत्री तपासून बघा!

थंडीत तिथे वालाच्या शेंगा भरतात. एक मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्डीचा पाला. पुणेकरांच्या कानाला हे नाव ओळखीचं वाटेल, कारण आपल्या शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे. हा पाला शेताच्या बांधावर आपोआप उगवतो आणि त्याला ओव्याच्या जवळपास जाणारा उग्र वास असतो. पाल्यावर शेंगा, मीठ, ओवा. आवडीप्रमाणे बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन. मडकं गच्च भरून तोंडाला परत पाल्याचा बोळा. मग ते उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, काटक्या रचून पेटवून द्यायचं.

आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांचाच ओलावा वाफ होऊन मडक्यात फिरतो आणि त्या वाफेत सगळं शिजतं. पाऊण तासाने कुणीतरी जाणकार मडक्यावर पाण्याचा हबका मारतो आणि चर्र आवाज ऐकून 'झालं' म्हणतो. ना टायमर, ना थर्मामीटर! पेंढ्याची आग भपकन पेटते आणि लवकर विझते, म्हणून तिच्यात मडकं लागतं. तीच आग उघड्यावर असती तर शेंगा बाहेरून कोळसा आणि आतून कच्च्या राहिल्या असत्या. घाट उतरून भाताच्या मुलखात आलं की जळण भाताचं, हे ओघानेच आलं. दक्षिण गुजरातेत वलसाडकडे याच मडक्याला 'उंबाडियुं' म्हणतात, म्हणजे हा पट्टा कोकणाच्याही वर सरकतो.

आग तिसरी : पऱ्हाट्या

तिसरी आग लांबची. जळगाव, म्हणजे एका दिवसात जाऊन येण्यासारखं नाहीच, मुक्कामाचीच तयारी ठेवा. हिवाळ्यात खानदेशात लग्न, साखरपुडा, ऑफिसची पार्टी, निवडणुकीची बैठक, कशालाही भरीत चालतं. पण आपण गॅसवर एक जांभळं वांगं भाजतो, ते हे नव्हे.

इथलं वांगं हिरवट-पांढरं, भलं मोठं, बिया कमी आणि गर भरपूर. यावल तालुक्यातलं बामणोद या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात, कपाशीची वाळलेली झाडं. त्यांचा ढीग पेटवायचा आणि वांगी थेट जाळात टाकायची. पऱ्हाटीचा जाळ तिखट असतो. वरचं साल काळंठिक्कर होतं आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. मग साल काढून गर लाकडी भांड्यात ठेचायचा, त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. जोडीला कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाच्या पिठाची. पहिल्या घासाला धूर, दुसऱ्याला मिरची, आणि तिसऱ्या घासानंतर तुम्ही बोलायचं बंद करता.

गॅसवर हे का जमत नाही, ते तिथे गेल्यावर कळतं. बर्नर वांग्याला एका बाजूने चटका देतो. पऱ्हाट्या त्याला चहूबाजूंनी मिठीत घेतात.

आग चौथी : गोवरी

आणि आता परत घराकडे. चौथी आग आपल्या दारातली आहे, आणि माझ्या मते पुण्याची स्वतःची बार्बेक्यू स्टाइल कुठली असं कुणी विचारलं तर उत्तर हेच. हुरडा!

हुरडा म्हणजे ज्वारीचं कोवळं कणीस, दाणा भरलेला पण अजून वाळून टणक न झालेला. या अवस्थेत दाण्यातली साखर अजून पूर्णपणे पिठात बदललेली नसते, म्हणून तो गोड लागतो. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की डिसेंबर-जानेवारीत ही वेळ येते आणि एका पेऱ्यात ती जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. पुढे तोच दाणा भाकरीचा. म्हणून हुशार शेतकरी एकदम सगळं पेरत नाहीत. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्याने पेरतात, म्हणजे हंगाम महिना-दीड महिना चालतो. वाणही वेगळे. भाकरीला मालदांडी, हुरड्याला गूळभेंडी, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तर खास हुरड्यासाठी 'फुले मधुर' हा वाण काढलाय. दाणा गोड हवा आणि तो कणसातून सहज सुटायला हवा, ही त्यामागची अट.

मागच्या जानेवारीत आमची आठ जणांची टीम सोलापूर रोडने यवतच्या पुढे गेली. बांधावर छोटा खड्डा, त्यात गोवऱ्या पेटून राख धरलेल्या. हीच आगटी. गोवरी जळते सावकाश, ज्वाळा न करता, आतल्या आत धुमसत. हुरड्याला तेच हवं असतं, कारण कोवळा दाणा जाळात धरला तर क्षणात जळून जाईल. कणसं राखेत खुपसायची, फिरवायची आणि हिरव्या दाण्यावर तपकिरी ठिपके आले की काढायची.

त्यानंतरचं काम होतं एका मावशींकडे. हाताला चटका बसेल असं गरम कणीस त्या दोन तळव्यांत धरून चोळत होत्या. दाणे सुपात, मग सूप दोनदा पाखडलं की फोलपटं वाऱ्यावर. आमच्यातल्या दोघांनी प्रयत्न केला आणि तळहात फुंकत बसले. मावशींना बघून वाटलं, टेक्सासात बारा तास आगीजवळ जागणाऱ्या माणसाला 'पिटमास्टर' म्हणतात, टोपी घालतात, टीव्हीवर आणतात. आपल्याकडे तीच विद्या असलेल्या बाईला आपण म्हणतो, 'मावशी, अजून एक प्लेट.'

प्लेटमध्ये गरम हुरडा, शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, दही, गूळ, शेव. मध्ये मध्ये बोरं, ऊस, भाजलेला ओला हरभरा. टीममधली सुरतची मुलगी पहिला घास घेऊन ओरडली, "अरे, ये तो पोंक है!" सुरतेतही हिवाळ्यात हाच दाणा, फक्त जोडीला लिंबू-मिरीची शेव. दाणा एक आणि ताटं दोन, अगदी दोन्ही कॅरोलिनांसारखं!

खाऊन झाल्यावर आम्ही शेतात चक्कर मारली. चारी बाजूंना ऊस, मध्ये हिरव्या ज्वारीचा एक चौकोन.

"मावशी, एवढीच ज्वारी?"

"एवढीच, पोरी. अर्धा एकर. सासऱ्यांच्या टायमाला समदं रान जोंधळ्याचं हुतं."

खडकवासल्याचा कालवा दौंड-इंदापूरकडे जातो. पाणी पोचलं तिथे ऊस पोचला, त्यामागे यवत-केडगावची गुऱ्हाळं आली. ज्वारीची काढणी कष्टाची, पाखरं राखायला माणूस लागतो, काढायला माणूस लागतो, आणि माणूस मिळत नाही. शिवाय गेल्या काही दशकांत आपल्या शहरी घरांत भाकरीची जागा चपातीने घेतली. राज्यात रब्बी ज्वारीचं क्षेत्र वर्षानुवर्षं घटत आलंय त्याची ही साधी कारणं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय मिळालं, २०२३ हे तर आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं. पण शेतकरी पेरतो ते सन्मानपत्र बघून नाही, हिशेब बघून.

"मग हा अर्धा एकर का ठेवलात?" मी विचारलं.

मावशी हसल्या. "तुमी येताय म्हणून. न्हाई आला तर फुडच्या साली हितंबी ऊसच."

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी लागली होती, पण माझ्या डोक्यात तो अर्धा एकर घोळत राहिला. हुरडा पार्टीला 'शहरी लोकांचं फॅड' म्हणून नाकं मुरडणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्विमिंग पूल, रेन डान्स, बैलगाडीत सेल्फी... हे सगळं आहे आणि त्यातलं बरंचसं हास्यास्पदही आहे. पण त्या शेतात ज्वारी उभी होती ती या फॅडमुळेच. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामागचा साधा विचारही हाच, की शेतकऱ्याला पिकाच्या जोडीने पाहुण्यांचाही पैसा मिळावा.

मात्र यात एक गोम आहे. मोसमात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात तयार हुरडा येतो, हल्ली फ्रोझन पाकिटंही मिळतात. म्हणजे एखाद्याने ठरवलं तर ज्वारीचं एक ताटही न पेरता तो लॉनवर दोनशे जणांची हुरडा पार्टी करू शकतो. तव्यावर गरम केलेला हुरडा, शोभेपुरती आगटी, आणि आपण खूश! जिभेला फरक कळतोच, कारण कणीस कापलं की गोडी आणि ओल दोन्ही उतरायला लागतात. पण त्याहून मोठा फरक तिकडे शेतात पडतो. तिथे आपल्या पैशाने ज्वारी पेरली जात नाही.

कोळसा आपण कुठूनही आणू शकतो. गोवरी, पऱ्हाटी, पेंढा यांचं तसं नाही. त्यांच्यामागे गोठा लागतो, कपाशी लागते, भाताचं खाचर लागतं. ते शेत गेलं की ती आग गेली, आणि आगीबरोबर ती चवही.

जायचं तर असं जा!

हुरडा डिसेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. यवत, दौंड, शिरूर, पुरंदर, बारामती, नगर रोड... कुठल्याही बाजूला निघा. सकाळी दहाच्या आत पोचा, ऊन चढण्याआधी आगटीजवळ बसायला मजा येते. फोन करूनच जा, कारण कणीस आपल्या कॅलेंडरप्रमाणे भरत नाही. पोपटी जानेवारी-फेब्रुवारीत, भरीत डिसेंबर-जानेवारीत. सुती कपडे घाला, धुराचा वास दोन धुण्यांत जातो.

निघताना शेतकऱ्याकडून पाच किलो ज्वारी विकत घ्या आणि घरी भाकरी शिका. पहिल्या चार फुटतील, पाचवी फुगेल.

आणि बुकिंग करताना मेन्यू, पार्किंग, वाय-फाय हे सगळं विचारून झालं की एक प्रश्न जरूर विचारा : "हुरडा कुठल्या शेतातला?" समोरचा म्हणाला, "या की, दाखवतो," तर डोळे मिटून ॲडव्हान्स भरा.